बारशाआधीचं नाव

इस्पितळाच्या खालच्या मजल्यावरची खेमेंतेची, म्हणजे इथल्या नगरपालिकेची खिडकी थोड्या वेळात बंद होणार होती आणि आज शेवटचा दिवस होता. जन्मापासून तीन दिवसांत बाळाची नोंद नावासकट झालीच पाहिजे, असा इथला कायदा. बाळ काचेच्या पेटीत होतं. बाप, म्हणजे अंबरीश, भिंतीला टेकून उभा होता आणि त्याची थोरली बहीण सुनेत्रा त्याला पुन्हा पुन्हा तेच सांगत होती, "थांब रे जरा."

"काय थांबू, ताई? मीरा ठरलंय ना? जाऊन लिहून येतो."

ठरलं होतं खरं, आणि सुनेत्रानेच ठरवलं होतं. भावाची बायको इवाना क्रोएशियाची, तिचं सासर पुण्याचं, संसार इथे अ‍ॅमस्टेलव्हीनला. सगळीकडे पचेल असं नाव शोधता शोधता सुनेत्रा मेटाकुटीला आली होती. नाव ठेवायचा मान आत्याचा, तो ती सोडते थोडीच! क्रोएशियातली लोकप्रिय नावं आणि त्यांचे अर्थ फोनवर उघडून ती महिनोन्महिने बसली. निका म्हटलं तर पुण्याहून आई म्हणाली, शाळेत निकामी म्हणून चिडवतील. इथल्या शाळेत कोण चिडवणार, हे आईला विचारायची सोय नव्हती. दोराचा अर्थ देणगी, पण आईला त्यात सुईदोराच दिसला. मग मीरा सापडलं. तिकडे मीरा म्हणजे शांतता, इकडे मीराबाई. दोघी विहिणी खूश झाल्या.

आणि आता सुनेत्राला कुठलंच नाव नको होतं.

"बारसं बाराव्या दिवशी असतं. तोवर नुसतं 'बाळ' लिहू देत नाहीत का? विचारून तर बघ."

"विचारलं. नाही देत."

"अरे, नाव ठेवलं की जीव गुंततो."

बोलून गेली आणि तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. रीतभात कसली नि काय. ती घाबरली होती, इतकंच. सकाळी डॉक्टरीणबाई 'बघू या' म्हणाल्या, तेव्हा त्यांनी कुणाच्याच डोळ्यांत पाहिलं नव्हतं.

इवाना चाकाच्या खुर्चीत पेटीला लागून बसली होती. तिला मराठी येत नव्हतं, पण सूर कळत होता. "काय म्हणाली ती?" तिने नवऱ्याला इंग्रजीत विचारलं.

अंबरीशला खोटं बोलणं कधी जमलं नाही. त्याने होतं तसं सांगून टाकलं.

इवाना पेटीकडेच बघत राहिली. "गुंतू दे," ती म्हणाली. "तिचाही गुंतू दे. पण मीरा नको."

"का?"

"आमच्याकडे थडग्यावर तेच लिहितात. शांततेत विसावा घे, म्हणून. जन्मल्यापासून ती एकदाही रडलेली नाही. अजून किती शांत हवीय तुम्हाला?"

इतक्या महिन्यांत हे खुद्द इवानाच्याही मनात आलं नव्हतं. पाळण्याची तयारी करताना थडगं कुणाला आठवतं?

"झिव्का लिही," इवाना अंबरीशला म्हणाली. "माझ्या आजीची बहीण होती, झिव्का. तिच्याआधीची सगळी भावंडं गेली, म्हणून तिला हे नाव दिलं. झिव्का म्हणजे जिवंत. आता कुणी ठेवत नाही. म्हाताऱ्यांचं नाव आहे, गावंढळ आहे."

सुनेत्राला आजोळचे धोंडूमामा आठवले. पोरं जगत नव्हती, म्हणून आईबापांनी याला धोंडा म्हटलं, आणि मामा पिकल्या केसांचे होईपर्यंत ठणठणीत जगले. मूल हाताला लागावं म्हणून नावातच तोडगा करायचा, ही युक्ती तिकडच्या बायकांनाही ठाऊक होती तर.

"जा," ती भावाला म्हणाली. "झिव्काच लिही. पळ."

तो जिन्याकडे धावला. सुनेत्राने कोपरापर्यंत हात धुतले. नगरपालिकेत काहीही लिहा, आत्याने कानात सांगितल्याशिवाय नाव लागत नाही. आणि बाराव्या दिवसाचा भरवसा तिला नव्हता. असता तर ती थांबली असती. नर्सने पेटीची गोल झडप उघडली आणि हळू आवाजात बोला, असं बजावलं. आत मूठभर जीव. नाकात नळी, कान हरभऱ्याच्या डाळीएवढा.

सुनेत्रा झडपेशी वाकली. कुर्र करून नाव कुजबुजायचं, मागच्या बायकांनी आत्याच्या पाठीत धपाटे घालायचे, हसायचं, अशी ती रीत. मागे बाई म्हणाल तर एकटी इवाना, आणि तिने खुर्चीचे हात घट्ट धरले होते.

"कुर्र," सुनेत्रा म्हणाली. पुढे तिला कुजबुजता येईना. तिन्हीसांजेला खेळत लांब गेलेल्या पोरीला दारातून हाक मारतात, तशी तिने हाक मारली.

"झिव्का, इकडे ये. लांब जाऊ नकोस."