शेजारची सीट

“पुलापाशी गाडी परत उडाली, बाबा,” हेल्मेट बाकावर ठेवत मुलगी म्हणाली. “मागची चाकं जमिनीला टेकतच नाहीत.”

तिचे बाबा, ज्यांना सगळे उस्ताद म्हणत, गॅरेजात दुसऱ्या एका गाडीखाली आडवे झाले होते. तिथूनच म्हणाले, “गाडी नाही उडत, हात उडतात. नाचता येईना, अंगण वाकडं!”

एरवी ती भांडली असती. आज तिने नुसते हातमोजे काढून हेल्मेटशेजारी ठेवले.

तरुणपणी उस्तादांनी समुद्राकाठच्या लांब, गुळगुळीत वळणांवर शर्यती गाजवल्या होत्या. तिथे गाडी कडकच लागते. मऊ राहिली की वळणात कलते. तीच गाडी त्यांनी लेकीला दिली. तिच्या शर्यती मात्र डोंगरातल्या. अरुंद, खड्ड्यांचे, सारखे दुमडणारे रस्ते. “शॉक जरा मऊ करा ना,” ती म्हणायची. उस्ताद धक्के झेलणाऱ्या त्या स्प्रिंगांचे स्क्रू सैल करायचे आणि शर्यतीच्या सकाळी गुपचूप परत आवळायचे. बापाचा जीव. कडक गाडी दगा देत नाही, हे त्यांच्या हाडीमासी खिळलेलं.

“एकदा माझ्या शेजारी बसता?” तिने विचारलं.

दुसऱ्याच्या हाती चाक देऊन ते आजवर कधी बसले नव्हते. आज काय वाटलं कोण जाणे, हात पुसून बसले.

चढ सुरू झाला. प्रत्येक खड्डा त्यांच्या कण्यात घुसत होता. लेक वळण अचूक पकडायची आणि गाडी तिला बाहेर भिरकावायची. पुलापाशी चारही चाकं जमिनीपासून सुटली. उस्तादांनी दाराची कडी घट्ट धरली. मग तिच्याकडे पाहिलं. तिचे हात तसूभरही हलले नव्हते.

“थांबव,” ते म्हणाले.

भर रस्त्यात, धुळीत पडून त्यांनी चारही शॉक सैल केले. नेहमीसारखे नावापुरते नाही. ती मागत होती तेवढे.

“आता ने.”

गाडी रस्त्याला चिकटून निघाली. खड्डे होते तिथेच होते, पण चाकं त्यांत उतरून अलगद वर येत होती. असं चालवणं उस्तादांनी उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं. स्वतःचंसुद्धा नाही. माथ्यावर पोचेपर्यंत त्यांचे डोळे भरून आले.

“पोरी, पुढची शर्यत तुझीच! गाडी अशीच राहील. मी स्क्रूला हात लावणार नाही.”

तिने इंजिन बंद केलं.

“पुढची शर्यत मी दुसऱ्या संघाकडून करतेय, बाबा. परवा सही केली.”

उस्तादांनी विचारलं, “माझ्यापेक्षा भारी मिस्त्री आहे त्यांच्याकडे?”

“नाही हो. तुमच्या निम्म्यानेही नाही,” ती हळूच म्हणाली. “पण पहिल्याच दिवशी त्याने मला विचारलं, तुला गाडी कशी हवी?”