भिंतीपलीकडच्या शेंगा

चवळीच्या वेलावर मावा पडला म्हणून त्याने सकाळी जहाल औषध फवारलं आणि कुणाला न सांगता घाईघाईत कामावर गेला. दुपारी परत येऊन परसात पाहतो तर काय, भिंतीवरून धाकट्या भावाच्या बाजूला लोंबणाऱ्या हातभर लांब शेंगा खुडून नेलेल्या! तिकडून फोडणीचा वासही येत होता.

तीन वर्षांत त्याने भावाचा उंबरा ओलांडला नव्हता. आता तो धावतच आत शिरला आणि वाढलेल्या ताटांतली भाजी हातानेच खाली लोटली.

भाऊ ताडकन उठला. "दोन शेंगांसाठी पोरांच्या तोंडचा घास काढतोस, दादा?"

"औषध मारलंय रे त्यांच्यावर! कुणी खाल्लं तर नाही ना?"

"नाही. आत्ताच बसत होतो," भाऊ म्हणाला. पण भावजय मटकन खाली बसली.

"भाऊजी, मी मघाशीच वाटीभर भाजी भिंतीवरून जाऊबाईंना दिली. म्हटलं, वेल तर तुमचाच..."

पुढचं त्याला ऐकूच आलं नाही. तो घराकडे पळाला. स्वयंपाकघरात बायको ताटापुढे बसली होती.

"खाल्लीस?" त्याने दारातूनच विचारलं.

तिने झाकलेली वाटी त्याच्यापुढे सरकवली.

"नाही हो. एवढ्या वर्षांनी त्या घरातून काही आलं, एकटीने खाववेना."