अनशापोटी

सासऱ्यांच्या तळहातावर गोळी होती, पाण्याचा पेला ओठाशी. सुनेनं त्यांचं मनगट धरलं.

"बाबा, आज ही घ्यायची नाही."

"अगं, आठ वाजत आले. छोटीला शाळेत तू सोडणार?" ते हसले. "तीन जिने आहेत. ही पोटात गेली की अर्ध्या तासात गुडघा मुकाट चालायला लागतो."

छोटी दाराशी एकाच पायात बूट घालून बसली होती.

सुनेनं गोळ्यांची पट्टी पुढे धरली. शनिवारीच आणलेली. दहा घरं, दहाही रिकामी.

"रोज दोन-दोन, तेही अनशापोटी. आणि आज संडासात..." ती अडखळली. लेकीची शी निरखायची सवय लागलेली. पाणी नीट न पडलेल्या भांड्याकडे तिची नजर गेली होती. "डांबरासारखं काळं होतं, बाबा."

सासरे गोरेमोरे झाले. "आता म्हाताऱ्याचंही तपासायला लागलीस?"

"तपासणारच. आत रक्त जात असेल तर असं होतं."

"दुखतोय गुडघा. पोटाचा काय संबंध?"

"शरीरातलं जे रसायन गुडघ्याचं दुखणं वाढवतं ना, तशाच रसायनावर पोटाचं अस्तर टिकतं. गोळी ते सगळीकडेच बंद करते. तिला कुठं कळतंय, गुडघा कुठला आणि पोट कुठलं! आणि गुडघा झिजलाय तो झिजलेलाच. फक्त त्याची कुरकुर थांबते."

चाळीस वर्षं कोट शिवणाऱ्या त्या माणसानं 'अस्तर' ऐकून पेला खाली ठेवला.

"आतून विरत जातं, वरून कोट धडच दिसतो," ते पुटपुटले. मग आणखी हळू म्हणाले, "गोळीशिवाय मला जिना उतरवत नाही हे कळलं, की तुम्ही पोरीला माझ्याबरोबर सोडणार नाही."

तिनं गोळी काढून घेतली. दुसरा बूट छोटीच्या पायात चढवला.

"आज शाळा नाही. आधी डॉक्टर. तिघंही जाऊ."

जिन्यात सासऱ्यांनी कठडा धरला. एक पाय खाली, मग दुसरा त्याच पायरीवर. थांबायचं. पुन्हा एक पाय. छोटीही शेजारून, नेहमीसारखी, तशीच उतरत होती, दोन्ही बूट एका पायरीवर टेकवत. सून दोघांच्या पुढे, एक हात मागे धरून.

दुसऱ्या वळणावर छोटीनं मान वर केली.

"आबा, आता तुला नीट उतरता येतं."