टेस्टिंग

धर्मेंद्रची कंपनी गावोगावच्या मृत्यू नोंदणीचं ॲप बनवत होती. दरेकशाला, गावी घरी आला की तो खाटेवर बसून ते तपासायचा. तपासायला कुणाचं तरी नाव लागतं, म्हणून त्यानं वडिलांचंच टाकलं. बाजूला बसलेल्या बकारामनं मोबाइलमध्ये डोकावून आपलं नाव वाचलं.

"मले काऊन मारून राहिला बे?"

"टेस्टिंग आहे, बाबा. खरं नाही."

"मंग मार."

ॲप सुरू झालं. तपासणीच्या नोंदी पुसायच्या राहूनच गेल्या.

या उन्हाळ्यात बाबा खरंच गेले. राख सावडून आल्यावर ग्रामसेवक म्हणाला, "नोंद तूच करून टाक, ॲप तर तुयंच आहे."

धर्मेंद्रनं माहिती भरली. उत्तर आलं, 'ही नोंद आधीच झालेली आहे.' त्यानं जुनी नोंद रद्द करायला घेतली. 'ही व्यक्ती पुन्हा हयात दाखवली जाईल. पुढे जायचे?' हे वाक्यही त्यानंच लिहिलेलं.

त्यानं 'हो' दाबलं आणि मोबाइल खिशात टाकला.

"झाली का नोंद?" मायनं विचारलं.

"नाही. टेस्टिंग सुरू आहे."