शर्टावरचे हात

गंगारामच्या पत्राला आत्माराम मास्तरांनी उत्तर पाठवलं नव्हतं. आज उद्योजक मेळाव्याच्या मांडवात ते पत्रच सगळीकडे फिरतंय असं त्यांना वाटत होतं. प्रत्येक स्वयंसेवकाच्या टी-शर्टावर दोन हात होते. गोरे, निमुळत्या बोटांचे, ओंजळीत काजूगर. खाली अक्षरं: ‘माझा उद्योग, माझा मान.’

चित्र मास्तरांचं, छपाई गंगारामची. हा त्यांचा जुना विद्यार्थी, परळला टी-शर्ट छापायचा. मार्चमध्ये त्याने लिहिलं होतं, ‘सर, चित्र सुंदर आहे. पण माझी आई बारा वर्षं काजू फोडते. तिचे हात असे नाहीत. बदलू का? तुम्ही हो म्हणालात तरच बदलीन.’ मास्तरांनी तीनदा उत्तर लिहिलं आणि तीनदा फाडलं. आपलं चुकलं असं कळवावं, की चित्रात हात सुंदरच हवेत असं, ते ठरेना. तोवर एप्रिल उजाडला.

व्यासपीठामागे काजू फोडणाऱ्या बारा बायका उभ्या होत्या. त्यांच्या कारखान्याचा आज सत्कार होता. प्रत्येकीला एकेक शर्ट मिळाला होता, आणि तो लुगड्यावरून चढवायचा कसा यावर खल चालला होता.

“ह्या झंपरात पदर कुठं कोंबायचा गो?” सोनूबाई म्हणाली. “माझा घरी नेऊन म्हाताऱ्याला घालते. उद्योग म्हंजे काय ते त्याला तरी कळू दे.”

बायका खिदळल्या. सगुणा हसली नाही. ती गंगारामची आई. मानपत्र घ्यायला तीच वर जाणार होती. तिने शर्ट घातला होता आणि दोन्ही हात पदरात गुंडाळून घेतले होते.

मास्तर जवळ गेले. “गंगाराम बरा आहे ना?”

“बरा हाय. तुमच्या पत्राची लय वाट बघितलीन त्यानं. मग म्हणाला, मास्तर गप ऱ्हायले म्हंजे चित्र बरोबर हाय.”

मास्तरांनी मान खाली घातली. तेव्हा त्यांना तिच्या पदरावरचे डाग दिसले. ओले, तांबडे.

“हाताला काय झालं?”

“काय नाय.”

“भाजलं का?”

“भाजायचं काय, ते रोजचंच हाय.”

“सांग की खरं,” सोनूबाई म्हणाली आणि तिने पदर ओढला. “चार दिवस चिऱ्याच्या खरबरीत दगडानं हात घासतेय, मास्तर. सांगून ऐकते कुठं!”

तळव्यांची कातडी गेली होती. आतलं मांस दिसत होतं. नखांच्या कडांना आणि बोटांच्या भेगांत मात्र काळं तसंच होतं. काजूच्या टरफलातलं तेल कातडी जाळत खोल मुरतं. ते तिथून हललं नव्हतं.

“का?” मास्तरांनी विचारलं.

“सायबासमोर जायचंय. छातीवर ते हात नि खाली हे? लोक माझ्या पोराला हसतील. मास्तरांनी काढलंय, म्हंजे हात तसेच असाय पायजेत ना?” मग तिने शर्टाकडे हनुवटीने दाखवत विचारलं, “ते कुणाचे वो?”

“चित्रकलेच्या पुस्तकातल्या एका बाईचे.”

“ती काय काम करते?”

पुस्तकातल्या बाईच्या हातात कमळ होतं. मास्तरांनी ते काढून तिथे काजूगर घातले होते.

“फूल धरून उभी असते,” ते म्हणाले.

“मग होय,” सोनूबाई म्हणाली. “फुलानं काय भाजतंय!”

लाऊडस्पीकरवरून सगुणाचं नाव आलं. “हात झाकू नका,” मास्तर घाईने म्हणाले. डोक्यावरचा पदर काढा असं कुणी सांगितल्यासारखं तिने त्यांच्याकडे पाहिलं, आणि ती पायऱ्या चढून गेली. मानपत्र तिने पदरातूनच घेतलं. फोटोग्राफर दोनदा म्हणाला, “बाई, हात बाहेर काढा.” तिने काढले नाहीत. साहेब माइकवर म्हणाले, “ही आपल्या कोकणची मर्यादा!” टाळ्या पडल्या.

मेळाव्याच्या संयोजक मालिनीताई लगबगीने मास्तरांकडे आल्या. “तुमचं चित्र फारच आवडलं हो सगळ्यांना. मुंबईच्या मेळाव्यासाठी आणखी पाचशे शर्ट सांगितलेत. पुढच्या आठवड्यात छपाई. अहो, निघालात कुठे? जेवण आहे!”

मास्तर थेट पोस्टात गेले. एक कार्ड घेतलं आणि खिडकीपाशी उभ्यानेच लिहिलं, ‘चि. गंगाराम यास आशीर्वाद. चूक माझी. हात बदल.’

खाली बरीच जागा उरली होती. समोर पुस्तक नसताना त्यांनी कधी हात काढला नव्हता. त्यांनी अंगठा काढला, नखं काढली, सोललेला तळवा काढला. मग भेगा. प्रत्येक भेगेत शाई भरत राहिले. निब कागदात रुतू लागलं.

“मास्तर, शाई सांडली की हो,” खिडकीतला कारकून म्हणाला. “दुसरं कार्ड देऊ?”

“सांडलेली नाही,” मास्तर म्हणाले, आणि कार्ड वाळायची वाट न बघता त्यांनी ते पेटीत टाकलं.