साबणाची वडी
मुलांच्या वाद्यवृंदाच्या परदेश दौऱ्यातलं तिसरं शहर. कार्यक्रमाआधी संचालक सरांनी शेवटच्या खुर्चीवरच्या व्हायोलिनवालीच्या हातात हॉटेलातली साबणाची वडी ठेवली. “काल सगळ्यांच्या आधीच सुरू झालीस. आज गजाला राळेऐवजी साबण लाव, म्हणजे तो तारांवरून नुसता घसरेल, आवाजच येणार नाही. खुर्ची रिकामी दिसायला नको, एवढंच.” तिच्या अंगाचा तिळपापड झाला. “मग पुठ्ठ्याची मुलगी बसवा की, सर! मला कशाला आणलंत?” वडी टेबलावर आपटून ती तरातरा बाहेर गेली. तोंड धुऊन परतली, तर वडी निम्मी झिजलेली, आणि व्हायोलिनच्या रांगेतल्या बाकी सगळ्यांच्या गजांना साबण फासलेला. पहिल्या खुर्चीवरच्या ताईनं तिच्या मुठीत राळ कोंबली. “चांगली दाबून घास.” पडदा उघडला. सुरुवात त्यांच्याच रांगेची होती. सरांनी छडी उचलली. सगळे गज एकदम फिरले. वाजलं एकच व्हायोलिन, शेवटच्या खुर्चीवरचं, संतापलेलं आणि बिनचूक.