मनगटावरचा दोरा

फायलिनच्या हृदयाच्या स्नायूला सूज आली होती. तसली सूज इथे थायलंडात, खोनकेनच्या इस्पितळात मी एकदाच पाहिली होती. तो पेशंट वाचला नव्हता. तपासणीसाठी मनगटाच्या धमनीतून नळी घालून हृदयाचा कणभर तुकडा काढायचा होता, म्हणून मी तिच्या मनगटावरचा पांढरा दोरा कापला.

तिची आई बुन्सी किंचाळली, "अहो डॉक्टरीणबाई, पोरीचा जीव बांधला होता मी त्याने! आता सुटला तो, कुठं शोधू?"

"मावशी, औषधाने बरी होईल ती."

आणि झालीही. आठवड्याभरात उठून बसली, चिकट भात मागू लागली. मी सोनोग्राफीच्या मशीनची मूठ तिच्या छातीला लावली. पडद्यावर हृदय छान धडधडत होतं.

मी मशीनची मूठ उचलून बाजूला ठेवली. पडद्यावरचं हृदय धडधडतच राहिलं.

मी फायलिनची नाडी पाहिली. लागेना. दुसऱ्या हातालाही लागेना. ती माझ्याकडे बघून हसत होती.

बुन्सीमावशीने नवा दोरा काढला आणि लेकीचं मनगट सोडून मशीनच्या मुठीला बांधला.

"बंद नका करू हं हे," ती हळूच म्हणाली.

तेवढ्यात नर्स आत आली. "झालं ना, ताई? पलीकडे हवंय मशीन," म्हणत तिने वाकून प्लग धरला.